हमदम-अकांची चौकशी

ताश्कंदच्या बायका मुलगी मागायच्या आधी मोहल्ल्यात विचारतात. बाप कसा, घरात आवाज चढतो का. आमचा मोहल्लाच सहा वर्षांपूर्वी पाडला आणि शेजारी दाही दिशांना पांगले. आता विचारणार कुणाला?

त्या जागेवर काचेची इमारत आली. तिथं टेबलं महिन्याच्या भाड्यानं मिळतात, रोज सकाळी जे रिकामं सापडेल ते आपलं. मी तिथं झाडपूस आणि चहा करते. पूर्वी चार घरं पलीकडे राहणारे, मला थोरल्या भावासारखे हमदम-अकाही तिथंच येऊन यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करायचे. त्याआधी तीस वर्षं त्यांनी कालवे खात्यात नकाशे काढले. बायको वारल्यावर मुलीला, मुअत्तरला, त्यांनी एकट्यानं वाढवलं. काम घरी बसूनही झालं असतं, पण मुलीचा बाप ऑफिसात जाताना दिसायला हवा ना!

मुअत्तर अठ्ठावीसची झाली. दोन स्थळं अशीच थंडावली. तिसरा मुलगा तिला मनापासून आवडला होता. त्याच्या घरच्यांना अका म्हणाले, "मोहल्ला राहिला नाही, माझ्या ऑफिसात विचारा." मला आधी सांगितलंही नाही. साक्षीदार पढवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मुलाची आई आणि आत्या भरदुपारी आल्या. काउंटरवरच्या पोरीनं संगणकात बघितलं. "नाव आहे. बाकी माहीत नाही." मग दोघी टेबलाटेबलाशी फिरल्या.

"इथं रोज नवी माणसं असतात हो, खाला."

"म्हातारे? ते नळ दुरुस्तीवाले का?"

शेवटी त्या माझ्याकडे आल्या. मला तर हर्षच झाला!

"ओळखते म्हणजे? देवमाणूस! सगळ्यांच्या आधी येतात, खिडकीजवळची खुर्ची मिळावी म्हणून. खाली त्यांचं अंगण होतं ना. त्यांची बायको तिथंच गेली. तिकडं बघत बसतात, कधी बोलतातही तिच्याशी."

"बोलतात? एकटेच?"

"अगदी हळू हो. कुणाला त्रास नाही."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी ओतलेला चहा तसाच राहिला. जीभ का नाही झडली माझी!

आठवड्यानं निरोप आला. मुलगी लाखात एक आहे, पण वेड रक्तात उतरतं.

अका सकाळी चहाच्या खोलीत येऊन उभे राहिले. मी त्यांचे हात धरले. "अका, दोन थोबाडीत मारा मला."

"रडू नका, सओदत-ओपा. चाळीस माणसांत माझ्याबद्दल सांगण्यासारखं तुमच्याकडेच काहीतरी होतं."

हे त्यांनी खरंच मायेनं म्हटलं. त्यानंच मी मेले.

 जाताना वळले.

"मुअत्तर रोज विचारते, त्यांनी का मोडलं? काय सांगू तिला? तुझ्या आईशी बोलत होतो म्हणून?"