सोमवारची चिंबोरी
निखाऱ्यावर भाजलेल्या चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, वास आला की मला रेवदंड्याजवळची खाडीकाठची कातकरवाडी आठवते. कातकरी मुलांच्या बालवाडीसाठी आमचं प्रशिक्षण चालू होतं आणि मी पहिल्यांदाच वाडीवर निघाले होते. शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, कुणी काही खायला दिलं तर नाही म्हणू नका, नाहीतर मुलं जवळ येणार नाहीत. एका झोपडीपुढे एक बाई चिंबोऱ्या भाजत होती आणि तिच्या पाठीआडून तिची पोर माझ्याकडे टकामका बघत होती. बाईनं सगळ्यात मोठी चिंबोरी पानावर ठेवून माझ्यापुढे केली. नेमका माझा सोमवार. मी चाचरत सांगितलं तसं "उपास हाय व्हय? ऱ्हाऊ दे मंग," म्हणत तिनं पान मागे घेतलं. त्या दिवशी मुलांसाठी अंथरलेल्या माझ्या चटईकडे एकही मूल फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई आली, एका हातात नांग्या बांधलेली जिवंत चिंबोरी आणि दुसऱ्या हातात पोर. म्हणाली, "तुझ्यासाठी ठेवली व्हती. भाजते, तवर हिला शिकव." आता प्रशिक्षणाला येणाऱ्या नव्या मुलींना मीच शिकवते. वाडीवर जाताना सोबत काय न्यायचं, असं त्या विचारतात. मी सांगते, भूक न्या, आणि सोमवारी जाऊ नका.