पूर्ण तासाची सरासरी

गाळ्याचं शटर थरथरत होतं आणि सावंत माझ्या मीटरच्या स्क्रीनवर बोट आपटत होते. लिमिटच्या वर आहे, लिहून घ्या, असं म्हणत होते बहुतेक. ओठांवरून अंदाज.

मीटर म्हणजे साउंड लेव्हल मीटर. जाड टॉर्चसारखं यंत्र, टोकाला माईक. ते घेऊन मी नोकरीची सगळी वर्षं तळोज्याच्या कारखान्यांतून फिरले. कुठलं मशीन किती ओरडतं आणि कामगारांच्या कानांचं त्यानं काय होईल, हे सांगणं माझं काम. रिटायर होऊन पनवेलला राहायला आले आणि हे सोसायटीत कळू दिलं, तिथेच फसले.

सावंत आमचे सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बरोबर खालच्या गाळ्यात चौघांचा एक बँड दर रविवारी प्रॅक्टिस करतो. मी सावंतांना समजावलं की स्क्रीनवरचा आकडा क्षणाक्षणाला बदलतो, तो धरत नाहीत. मीटर लावून ठेवायचा आणि तो शेवटी जी सरासरी देतो ती धरायची. पंधरा मिनिटं लावला. बँडनं एकामागून एक गाणी हाणली. सरासरी लिमिटच्या थोडीशीच वर आली, पण वर आली. सावंतांचा चेहरा पेढे वाटायला निघाल्यासारखा झाला. कमिटीनं ठरवलं, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर पुन्हा मोजायचं. तेव्हाही वर आलं तर गाळा खाली करायचा.

संध्याकाळी बँडची ड्रमर माझ्या दारात. नम्रता, उरणच्या कोळीवाड्यातली, जासईला कंटेनर यार्डात बिलिंगला आहे.

‘‘काकू, आमाला आधी तीन ठिकानावरशी काढलाय. ह्यो गाला गेला तं बँड खलास. दुसरा कोन देनार नाय.’’

आवाज बारीक करता येत नाही का, असं मी विचारलं. ड्रमला बटण नसतं म्हणाली. पोरगी मला आवडली. चहा टाकला आणि म्हटलं, मुळात हे वाजवता काय ते तरी सांग.

तिनं सांगितलं ते असं. परदेशात आधी पंक आलं. मोजके कॉर्ड, भरपूर राग. त्यांच्या मागून आलेल्या पोरांना ते फार संथ वाटलं, म्हणून त्यांनी दुप्पट वेगानं ओरडायला सुरुवात केली. ते हार्डकोर. मग त्यातल्या काहींनी मेटलच्या जड गिटारी घेतल्या, ते मेटलकोर. काहींना रागापेक्षा दुःख जास्त झालं, ते इमो. काहींनी वेग इतका उतरवला की गाणं चिखलातून ओढल्यासारखं चालतं, ते स्लज. आणि काहींना हार्डकोरसुद्धा संथ वाटलं, ते ग्राइंडकोर. आमच्या सोसायटीची कहाणी काही वेगळी नाही. दर सभेला एक गट फुटतो आणि जुन्या गटाला दम नाही म्हणतो.

‘‘यातलं तुम्हाला काय काय येतं?’’

‘‘सगला.’’

स्लज नकोच म्हटलं. तो जड आवाज भिंतीतून वर चढतो, सावंतांच्या मांडणीवरची पातेली नाचतील. मग मी सहज विचारलं, ग्राइंडकोरचं गाणं केवढं असतं?

‘‘वीस सेकंद. लांबला तं अर्धा मिनिट.’’

‘‘आणि दोन गाण्यांच्या मध्ये?’’

‘‘ट्युनिंग. पानी. भांडना.’’

सल्ला मी दिला नाही. जिथे मोजायला जायचं तिथल्यांना सल्ला द्यायचा नाही, हा माझा नोकरीतला नियम. सरासरी कशी निघते एवढं मात्र तिलाही नीट समजावलं. ती बिस्किट खायची थांबली.

रविवारी कमिटी गाळ्यासमोर खुर्च्या टाकून बसली. मीटर स्टँडवर लावला आणि किती वेळ मोजायचं ते कमिटीला विचारलं. फक्त गाणं चालू असतानाच मोजा, एवढं कोणी म्हटलं असतं तर पोरांचा कारभार आटोपला असता.

‘‘पूर्ण तास,’’ सावंत म्हणाले. ‘‘एक मिनिटही सोडायचं नाही. मागच्या वेळी पंधरा मिनिटांतच केवढा आवाज झाला होता.’’

आवाज बादलीतल्या पाण्यासारखा साठत जातो, अशी त्यांची समजूत होती. मी सगळ्यांसमोर दोनदा विचारून खात्री केली. बटण दाबलं.

आत एकदम इमारत कोसळल्यासारखं झालं. खजिनदारांचा चहा शर्टावर सांडला. त्यांनी तो पुसेपर्यंत गाणं संपलं. सावंत उठून मीटरपाशी आले तर शांतता. आत गिटारवाला आणि गायक कोण बेसूर आहे यावर वाद घालत होते. बऱ्याच वेळानं पुन्हा इमारत कोसळली. पुन्हा वाद. तासाच्या शेवटी सरासरी पाहिली. मर्यादेच्या आत, आणि चांगलीच आत.

‘‘पण मॅडम, मी माझ्या कानांनी ऐकलं!’’

‘‘मीही ऐकलं, सावंत. सरासरी ऐकू येत नाही.’’

गाळा राहिला. सावंत अजूनही दर रविवारी तक्रार करायला निघतात, पण चपला घालून जिना उतरेपर्यंत गाणं संपलेलं असतं. गेल्या रविवारी चिडून शटर वर करून थेट आत गेले. आत भांडण चाललेलं. भांडण दिसलं की सेक्रेटरीला राहवत नाही. त्यांनी खुर्ची मागवली आणि दोन्ही बाजू सविस्तर ऐकून घेतल्या.

मी वरून गंमत म्हणून मीटर लावला होता. सरासरी आणखी खाली आली.