ओटीतली जवारी

देवीवर मी आयुष्यात एकदाच मनापासून रागावले, आणि तेही तिच्या दाराशी येऊन. आमचं मूळ घर कोकणातलं, कुळस्वामिनी मात्र आंबेजोगाईची योगेश्वरी. लग्न होऊन आल्यापासून देव्हाऱ्यातल्या तिच्या टाकाला मी रोज कुंकू लावत होते, पण तिचं देऊळ आमच्या घरात कुणीही पाहिलेलं नव्हतं. देवी निजामाच्या राज्यात, आणि मोगलाईत जायचं म्हणजे आमच्याकडे परदेशी जायचंच म्हणत. कचेऱ्यांतून उर्दू चालते, रानात वाघ आहेत, ताटात भात दिसत नाही, असं बरंच काय काय ऐकलेलं होतं. त्यातलं भाताचं तेवढं खरं निघालं.

आमचे हे पुण्याच्या एका संस्थेत जुन्या शिलालेखांचं काम करत. वर्षभर बीड जिल्ह्यात राहून देवळांतले आणि बारवांवरचे लेख उतरवून आणायचे असं ठरलं, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तूही बरोबर जा. आणि सगळ्यात आधी देवीची ओटी भर." त्यांनी खण, नारळ आणि घरच्या शेतातले तांदूळ एका फडक्यात बांधून दिले. युसूफ वडगावाजवळच्या एका खेड्यात आम्ही बिऱ्हाड केलं. आंबेजोगाई तिथून लांब नव्हती. पण ह्यांना दगड दिसले की देव दिसत नसत. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत ओटीचं गाठोडं खुंटीलाच लटकत राहिलं.

मराठी मुलूख, मराठी माणसं, तरी बोलणं मला कळेना. पहिल्याच दिवशी शेजारणीने विचारलं, "हितं कावून आलात, बाई?" मी म्हटलं, "छे हो, कावून कशाला येऊ? चांगली हौसेनं आलेय." ती तोंडाला पदर लावून हसत गेली. 'कावून' म्हणजे 'का' हे मला चार दिवसांनी कळलं, तोवर मी गावभर हसं करून घेतलं होतं. भाकरी थापायला घेतली की तिचा नकाशा व्हायचा. आपण पुण्यातच बरे होतो, असं रोज वाटायचं.

तरी बायका हळूहळू बोलायला लागल्या होत्या. अशात एकदा विहिरीवर एकीच्या पाठीत उसण भरली. ती कण्हत खाली बसली. मला वाटलं, मैत्री करायची हीच वेळ. मी म्हणाले, "मी पायाळू आहे. पाय लावू का पाठीला?" जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याचा पाय लागला की उसण जाते, हे कोकणात पोराटोरांना ठाऊक असतं. तिथेही ठाऊक होतं. पण पायाळू माणसाला जमिनीत पुरलेलं धन दिसतं, हेही तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही. नवरा पडक्या देवळांत जाऊन ठसे घ्यायला दगडांवर ओला कागद ठोकतोय, कुणाला न कळणारी अक्षरं वाचतोय, आणि बायको पायाळू! बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. उसण भरलेली बाईसुद्धा कण्हणं विसरून उठली आणि घागर न भरताच गेली.

त्या दिवसापासून आमच्याशी कुणी धड बोलेना. आम्ही गुप्तधन काढायला आलो आहोत, धन हललं की गावावर अरिष्ट येणार, अशी बोलवा झाली. मी विहिरीवर गेले की बायका पांगायच्या. दूध घालणारीची म्हैस एकाएकी आटली. हे हसत म्हणाले, "लेख वाचून धन मिळत असतं, तर आमच्या संस्थेचं छप्पर गळलं असतं का?" पण ते हसू चार दिवसही टिकलं नाही. त्यांना हिवताप भरला. अंगावर दोन घोंगड्या घालूनही दात वाजायचे, आणि ताप चढला की मला ओळखेनासे व्हायचे. भाकरीचा घास घशाखाली उतरेना. शेवटी मी खुंटीवरचं गाठोडं सोडलं आणि देवीच्या ओटीच्या तांदळांची पेज करून त्यांना पाजली. मूठ मूठ करत तांदूळ संपले, ताप हटला नाही.

आंबेजोगाईला, सरकारी कागदावरच्या मोमिनाबादला, दवाखाना होता. मी शेजारच्या गाडीवानाच्या दारात जाऊन हात जोडले. तो खाली मान घालून म्हणाला, "बैल दमल्यात, बाई. गाडी न्हाई जुपायची." बैल गोठ्यात उभे राहून कडबा खात होते. मी घरी आले, ह्यांच्या उशाशी बसले आणि देवीला नाही नाही ते बोलले. सासरची म्हणून तुझी इतकी वर्षं सेवा केली, तुझ्या दारापर्यंत आले, आणि तू माझं कुंकू पुसायला निघालीस? तुला माझी ओळख नसेल तर मलाही तुझी नाही. असं म्हणून मी कपाळ भिंतीला टेकलं. रडूही येत नव्हतं, इतकी मी संतापले होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "पायाळू बाई हितंच ऱ्हाती का?"

कमरेत पार वाकलेली एक म्हातारी काठी टेकत उभी होती. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांपैकी होती. वरच्या गावाहून लेकीकडे आली होती. मी कडवट सुरात म्हटलं, "आम्ही धन काढणारे आहोत, मावशी. गावानं सांगितलं नाही का?"

"धन असंल न्हाईतर नसंल, माझी पाठ मोडलीया, माय. लाव पाय."

ती सरळ उंबऱ्याशी पालथी पडली. आईच्या वयाच्या बाईला पाय लावायचा म्हणून मी कचरले. मग मनात तिची क्षमा मागून हलकेच टाच लावली. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली, आणि मग काठी न घेता उठली. माझ्या पायात काही होतं की तिच्या विश्वासात, ते मला आजही माहीत नाही. मी तिच्या पाया पडायला वाकले, तेव्हा तिला आत पडलेले हे दिसले. तिने कपाळाला हात लावून पाहिला, चुलीपाशी पेजेचं रिकामं पातेलं पाहिलं, आणि तशीच बाहेर पडली.

शेजारचा गाडीवान तिचाच जावई होता. त्याच्या अंगणातून तिचा आवाज साऱ्या आळीला ऐकू गेला. "पावनं, धन सापडल्यालं मानूस पेजंवर जगतं व्हय? जुपा गाडी!"

सासूपुढे जावयाचं काय चालणार? दमलेले बैल लगेच ताजेतवाने झाले. म्हातारी आमच्याबरोबर गाडीत बसली आणि वाटभर ह्यांचं डोकं तिने मांडीवर घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी हिवतापावरचं कोयनेल दिलं. ते म्हणाले, आणलंत ते बरं केलंत, उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं. संध्याकाळी ह्यांना घाम फुटला, ताप उतरला, आणि त्यांनी मला नावाने हाक मारली. तेव्हा मात्र मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी मला देवळात घेऊन गेली. देवीला एवढं बोलून झाल्यावर तिच्यासमोर जायची मला लाज वाटत होती. त्यात हातात खण आणि नारळ होता, पण ओटीला धान्य नव्हतं. सभामंडपातच माझे पाय अडले. मी म्हटलं, "मावशी, ओटीचे तांदूळ मी रांधले. आता रिकामी ओटी कशी भरू?"

"कावून? जवारी हाय की." तिने कनवटीची गाठ सोडली. "जावयाच्या खळ्यातली नवी जवारी आईला म्हून आनलीया. अर्धी तुमी घ्या."

"पण आमच्याकडे देवीला तांदूळच लागतात हो. कोकणात..."

म्हातारी हसली. "अगं, ती तुमच्याकडूनच आलती की! परळीच्या वैजनाथासंगं लगीन लागायचं व्हतं. कोंबडा आरवला, मुहूर्त टळला, समदं वऱ्हाड दगुड झालं. गेली का ती माघारी? ऱ्हायलीच की हितं. आली तवा खाल्ला असंल भात. आता जवारीच खाती."

मी वर पाहिलं. एवढी वर्षं मी जिला मोगलाईतली देवी समजत होते, ती माझ्याआधी कितीतरी पूर्वी याच मुलखात परकी म्हणून आली होती, आणि इथलीच होऊन बसली होती. मी ओंजळभर ज्वारी तिच्या ओटीत घातली आणि एवढंच म्हटलं, "आई, तू राहिलीस, तशी मलाही ठेव." मागायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

आम्ही गावात परतलो आणि वर्ष पुरं करूनच निघालो. म्हशीला पुन्हा दूध आलं. माझ्या टाचेला इतकी मागणी आली की हे चिडवायचे, लेखांपेक्षा तुझ्या पायाचेच ठसे घ्यायला हवेत. भाकरीही गोल व्हायला लागली. म्हातारी म्हणजे साक्षात देवी होती, असं काही मी म्हणणार नाही. देवी असती तर पुढच्या महिन्यात तिची पाठ पुन्हा धरली नसती, आणि "तुमचा पाय लई दिस टिकत न्हाई, बाई," असं तिने मला ऐकवलंही नसतं. पण मी भिंतीला कपाळ लावून बसले होते तेव्हा तिची पाठ दुखली, हे कुणी केलं? ज्या पायाळूपणाने आमच्यासाठी दार बंद झालं, त्यानेच ते उघडलं. तेव्हापासून एखादी गोष्ट उलटी पडली की मी लगेच देवीशी भांडायला जात नाही. थोडी थांबते. तिचं तिला कळत असेल म्हणते.

पुण्याला आलो त्याच दिवशी, हे जेवायला बसले असताना सासूबाईंनी विचारलं, "ओटी नीट भरलीस ना? तांदूळ घातलेस?"

खोटं बोलवेना. "तांदूळ ह्यांच्या पेजेत गेले. ज्वारी घातली."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "घेतली तिने?"

हे पाटावर बसून दुसरी भाकरी मागत होते. मी तिकडे पाहिलं आणि म्हटलं, "घेतली."