मशीनची दृष्ट

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या. मध्येच हसलात तर माझी गाडी तिथेच अडते. चार लोकांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. पण हा किस्सा मी नाही सांगितला तर दुसरे सांगतात, आणि त्यांच्या तोंडी मी फारच येडा दिसतो. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. निदान थोडा तरी कमी येडा दिसीन.

मी मंगेश. गाव अल्लीपूर. नववीत शाळा सुटली, आणि आता वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहे. काचेची भांडी धुवायची, शेतकऱ्यांनी आणलेली माती वाळवायची, चाळायची, आणि बोरकर मॅडमनी हाक मारली की धावत जायचं. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. स्वभावानं चांगल्या, पण चष्म्यावरून पाहिलं की माझ्या हातातून काहीतरी पडतंच.

तर आमच्याकडे नवी मशीन आली, स्पेक्ट्रोमीटर नावाची. आली म्हणजे काय, वाजतगाजत आली म्हणा ना! पांढरीशुभ्र, कपाटाएवढी. मॅडमनी मला सोप्या भाषेत समजावलं होतं. माती ॲसिडात विरघळवायची, ते पाणी मशीनमध्ये फवारायचं, आत ज्योत पेटते, आणि त्या उजेडाचे रंग पाहून मशीन सांगते की मातीत लोह किती, जस्त किती, सोडियम किती. सोबत एक नवा मायक्रोस्कोपही आला होता. त्याखाली ठेवलेलं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचं. मुंगी ठेवली तर म्हैस दिसावी!

अख्खं कॉलेज पाहायला आलं. प्राचार्यांनी हार घातला. पोरींनी मशीनला टेकून सेल्फी काढले. जो येईल तो म्हणे, "वा, काय मशीन आहे!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत पेटेना!

मॅडमनी बटणं दाबून पाहिली, बंद करून सुरू करून पाहिली. छे! कंपनीच्या इंजिनीअरला फोन केला, तर तो म्हणे दोन दिवसांनी नागपूरहून येतो.

आता तुम्ही म्हणाल, मशीन बंद पडली तर तुझं काय जाते बाबा? सांगतो ना!

त्याच सकाळी एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ थैलीत माती घेऊन दारात उभे राहिले.

"अल्लीपूरचा मंगेश तूच काय?"

"हो."

"मी रोहण्याचा वामनराव."

माझ्या हातातलं भांडं पडलं. (प्लास्टिकचं होतं म्हणून वाचलं.) आईनं पंधरवड्यापूर्वीच सांगितलं होतं, रोहण्याचं एक स्थळ आहे, पोरगी पल्लवी, बारावी झालेली, वडील वामनराव. फोटो पाहिला होता मी. एकदाच पाहिला होता... बरं, एकदा नाही.

वामनरावांनी स्थळाचं नाव काढलं नाही. बाजारात वांगं दाबून पाहावं तसं मला वरखाली पाहून घेतलं, मग म्हणाले, "वावरात संत्रा लावाचा हाय. खड्डे खोदले, नर्सरीत कलमं सांगून ठेवली. पण माती पाह्यल्याबिगर लावाचा नाई मले. परवा येतो. चांगली पाहून ठेवजो."

"हो, काकाजी."

एवढंच बोललो. बाकीचं नुसतं मान हलवून.

ती काळी माती मी ट्रेमध्ये पसरली, ढेकळं फोडली. इतरांचे ट्रे वाळवायच्या मांडणीवर असतात. पण ही तर... म्हणजे होणाऱ्या सासऱ्याची माती ना! तिला मानाची जागा पाहिजे. मी तो ट्रे थेट नव्या मशीनशेजारच्या टेबलावर, पंख्याखाली ठेवला.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"काऊन रे, आवाज असा काऊन येऊन राह्यला? जेवला नाई काय?"

"आई, नवी मशीन बंद पडली."

"कोणी पाह्याले आलतं काय तिले?"

"अख्खं कॉलेज आलतं."

"मंग! दृष्ट लागली तिले. इतकी गोरीपान वस्तू, आन् तुम्ही कोणी काजळाचा टिकाबी लावला नाई! मीठ-मोहरी उतरवून टाक."

"आई, हे विज्ञान आहे."

"मंग विज्ञानानं सुरू करून दाखव."

मी फोन ठेवला.

मी काही अंधश्रद्धाळू नाही हो. पण परवा वामनराव येणार, मशीन बंद, आणि मी "झालं नाही काकाजी" म्हणून उभा, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. शिवाय करून पाहायला काय जाते? कॅन्टीनच्या मावशींकडून मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मागितल्या. त्या म्हणाल्या, "भाजी करतं काय रे तिथं?" मी लाजून हसलो.

मॅडम घरी गेल्यावर मी मशीनपुढे उभा राहिलो. मूठ आवळली आणि उतरवायला सुरुवात केली. आली-गेलीची, सरांची, पोरींची, सेल्फीवाल्यांची... मशीन एवढी मोठी, की हात पुरेना! मग टाचा उंचावून, टेबलावर वाकून, पार मागून पुढून ओवाळलं. माझ्या बोटांच्या फटी जरा मोठ्या आहेत. हे मला तेव्हा आठवायला पाहिजे होतं.

उरलेलं घेऊन मी गेटबाहेरच्या चहावाल्याच्या भट्टीत टाकलं आणि बाजूला उभा राहिलो. एकालाही ठसका लागला नाही! ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट होती आणि ती जळाली, हे तर आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. (मावशींच्या मिरच्या सादळलेल्या होत्या, हे फार नंतर कळलं.)

आणि सकाळी मॅडमनी बटण दाबलं तर काय? ज्योत पेटली!

मी कोणाला काही बोललो नाही. पण दिवसभर चालताना माझी छाती जरा पुढे होती. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मी सांगतलं होतं तुले." माती वाळली होती. ती मी स्वतः चाळली, इतकी मन लावून की काय सांगू, आणि मॅडमना दिली.

तिसऱ्या दिवशी वामनराव हजर. मॅडम पडद्यावरचे आकडे पाहत होत्या आणि त्यांचा चष्मा हळूहळू नाकावर उतरत होता.

"वामनराव, तुमचं शेत नक्की रोहण्यालाच आहे ना?"

"तं कुठं असंन?"

"सोडियम भयंकर आहे हो. इतकं मी समुद्रकाठच्या मातीतही पाहिलं नाही. या जमिनीत संत्रा जगणार नाही."

वामनरावांनी टोपी काढून हातात घेतली. "अवो मॅडम, तीन पिढ्या कापूस पिकते त्या वावरात."

"कापूस खारवट जमीन सोसतो. संत्रा नाही सोसत."

तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा माझ्याच्यानं पाहवेना. ते खुर्चीवर बसले. मग एकदम उठले.

"शेजाऱ्याचं काम हाय हे! मागच्या साली धुऱ्यावरून, हद्दीवरून भांडण झालतं. पोत्यानं मीठ टाकलं असंन त्यानं!" आणि लगेच भावाला फोन. "अरे, त्याच्या घरी जा आन् विचार! नाई, मारू नोको. अगुदर विचार. मंग पाहू!"

बाप्पा! मीठ हा शब्द ऐकून मी आपली मूठ उघडून पाहिली. पण डोकं अजून म्हणत होतं, छे, आपलं मीठ तर भट्टीत गेलं.

"थांबा, थांबा," मॅडम म्हणाल्या. "कोणत्या प्रकारचा क्षार आहे ते मायक्रोस्कोपखाली पाहू."

माती मायक्रोस्कोपखाली गेली. दोन विद्यार्थी वह्या घेऊन आले. पडद्यावर काळेभोर डोंगर दिसले, आणि त्यांच्या मधोमध लखलखणारे चौकोनी ठोकळे. काचेचे जणू!

"काय सुंदर क्रिस्टल आहेत!" मॅडम खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "इतके स्वच्छ, इतके ताजे! हे नैसर्गिकरीत्या तयार झालं असेल तर यावर लिहायला हवं."

विद्यार्थी फोटो काढू लागले. मॅडमनी काच जरा सरकवली, आणि पडद्यावर एक प्रचंड गोळा आला. काळसर तपकिरी, अंगावर जाळीजाळीची नक्षी. एखादा ग्रहच!

"बुरशीचं बीज असेल मॅडम," एक विद्यार्थी म्हणाला.

"एवढं मोठं? जुना जीवाश्म असेल," दुसरा म्हणाला.

मी ओळखलं. सांगू का, लहानपणापासून आईच्या हाताखाली निवडली आहे मी ती. म्हशीएवढी केली तरी ओळखीन. बोटांच्या फटी, टेबलावर वाकलेला मी, खाली मानाच्या जागेवरचा ट्रे... सगळं एका झटक्यात दिसलं.

बोलावं तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर पल्लवीचा फोटो परत पाठवावा लागणार. गप्प बसावं, तर? एवढ्यात वामनराव फोन कानाला लावून म्हणाले, "हॅलो, नर्सरी? रोहण्याहून वामनराव बोलतो. ते संत्र्याचे कलमं..."

"मोहरी आहे ती!"

एवढ्या जोरात मी जन्मात ओरडलो नव्हतो. विद्यार्थ्याच्या हातातला पेन पडला.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"मोहरी. फोडणीची. आणि ते चौकोनी मीठ. कॅन्टीनचं. मी... मी मशीनची दृष्ट काढली, मॅडम."

पडद्यावर तो गोळा लटकलेला, वामनरावांच्या फोनमधून "हॅलो, हॅलो" येतंय, आणि सगळे माझ्याकडे पाहतायत. जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. खारवट असली तरी चालली असती.

"दृष्ट," मॅडम म्हणाल्या. "स्पेक्ट्रोमीटरची."

"पण सुरू झाली ना मॅडम काल सकाळी."

"अरे, इंजिनीअरनं मला फोनवर सांगितलं म्हणून मी लवकर येऊन गॅसची सैल झालेली नळी आवळली!" मग चष्मा वर गेला. "आणि मातीचा ट्रे मशीनशेजारी कोणी ठेवला?"

यावर मी वामनरावांकडे पाहिलं, वामनरावांनी छताकडे पाहिलं, आणि दोघंही लाल झालो.

वामनरावांनी आधी नर्सरीवाल्याला सांगितलं, "कलमं तशीच ठेव, रद्द करू नोको." मग भावाला फोन लावला. "अरे, विचारू नोको त्याले काई. वापस ये... काय? विचारलं? मंग आता माफी माग! चहा पाज त्याले!"

नशीब, थैलीत माती उरली होती, तीही दोन दिवसांत वाळलेली. मॅडमनी ती स्वतः घेतली, मला चार हात लांब उभं केलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. वामनराव बाकावर बसून राहिले. आकडे आले तसे मॅडम हसल्या.

"उत्तम जमीन आहे, वामनराव. खुशाल लावा संत्रा."

वामनरावांनी हात जोडले, टोपी घातली आणि निघून गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही! नोकरी राहिली. मॅडमनी फक्त ती मशीनची खोली माझ्यासाठी बंद केली. पण पल्लवीचा फोटो मी त्या रात्री पाकिटातून काढला आणि आईला परत द्यायला म्हणून पिशवीत ठेवला.

मग एका सकाळी फोन.

"मंगेश? वामनराव बोलतो. अरे, आमच्या विहिरीवरची मोटर सुरू नाई होऊन राह्यली. नवीनच हाय. पाह्यणारे लई येऊन गेले. तू येजो बावा, मीठ-मोहरी घेऊन."

मला गहिवरून आलं. हो, खरंच. मी आईला घेऊन पहिल्या गाडीनं रोहण्याला पोचलो. विहिरीवर अख्खं घर जमलं होतं. काकू, भाऊ, भाऊबंद, तो धुऱ्याचा शेजारीसुद्धा. लिंबाच्या झाडाखाली, पदर तोंडाशी धरून, पल्लवी.

मान खाली घालून मी मोटरीवरून मूठ उतरवली. यावेळी बोटं अगदी घट्ट मिटून, एक कण सांडू दिला नाही. मग पुढे झालो, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. परत उतरवलं. परत दाबलं. घाम फुटला. मागे कोणी खोकलं, कोणी तोंड फिरवलं. काकू तर विहिरीत पाहत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हा लिंबाखालून आवाज आला. पल्लवी माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा जे वाक्य बोलली ते हे:

"अवो, शेतातली लाईट दुपारी तीनले येते."