लहरींची साफसफाई

"मॅडम, मले एक आकडा द्या. डब्याची जाडी किती?"

आमचे बॉस ठाकरे सर दारातूनच बोलले. कळमेश्वरच्या कारखान्यात ॲल्युमिनियम मशीनवर चढलं होतं. डबा एका कॉलेजच्या छोट्या उपग्रहासाठी होता, जाडीचा हिशोब आमच्याकडे. जाडी कमी पडली तर आतलं सर्किट वर जाऊन मरणार, आणि तिथे रिपेअरिंगला कुणी जात नाही.

पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचा विरळ पसारा असतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात आपोआप लहरी उठतात. त्या इलेक्ट्रॉनना वेग देतात आणि तेच इलेक्ट्रॉन उपग्रहात घुसतात. म्हणजे जाडी ठरणार लहरींच्या जोरावर.

माझा सहकारी प्रणय लहरींच्या मोजमापांचा ग्राफ घेऊन आला. इतका गुळगुळीत की मला धडकीच भरली.

"मोठे आकडे कुठे गेले?"

"उडवले नं मॅडम. स्पाइक होते."

नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसचं पोट विजेच्या मीटरचे आकडे तपासण्यावर चालतं. मीटरने एकदम मोठा आकडा दाखवला की मीटर बिघडलं समजायचं, आकडा काढायचा. नवीन माणसाला संडास कुठे ते सांगायच्या आधी आम्ही हे सांगतो.

इथे मामला उलटा. जागा तीच, सूर्यही तितकाच शांत, तरी लहर कधी नावापुरती, कधी कितीतरी पट दांडगी. खरं नुकसान त्या थोड्या दांडग्याच करतात. नेमक्या त्याच आम्ही केरात टाकल्या होत्या.

"मंग परत टाका अन् सरासरी काढा," सर म्हणाले. "काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

"सर, डिसेंबर आणि मे मिळून सरासरी काढली, तर नागपुरात कूलर लागतच नाही."

सरांनी कारखान्यात फोन लावला. "भाऊ, मशीन थांबव गा."

दांडग्या लहरी धरून केलेला नवा डबा जाड झाला, वजन मर्यादेबाहेर गेलं. कॉलेजचे प्राध्यापक भडकले. काय काढायचं? बॅटरी नाही, अँटेना नाही. राहिली एक पितळी पाटी, संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाची.

"ते नाही निघत," प्राध्यापक म्हणाले.

"मग उपग्रह मेला तर त्यावर नाव कुणाचं असेल?" मी विचारलं. माझं डोकं तापलं होतं.

पाटी निघाली.

उपग्रह वर गेला. मध्यंतरी दांडग्या लहरींचे दिवस आले. मला जेवण गोड लागेना. नंतर सिग्नल आला, नेहमीसारखा. खुर्चीत बसून मी चक्क रडले.

मोठा आकडा पुसण्याआधी विचारावं, मीटर बिघडलंय की खरंच असं आहे? एवढंच शिकले. उपग्रह रोज बोलतो. अध्यक्ष आमच्याशी बोलत नाहीत.