टर्कीच्या शिट्टीचं तोंड

मागच्या हिवाळ्यात माझ्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. मार्चपर्यंत बरीच सुधारली, पण ओठ अजून नीट मिटत नव्हते. ऑफिसात मी मोजकंच बोलायचे.

सासरे इथल्याच, जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात लेथवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, लाकूडकामाचा छोटा लेथ बसवला. त्यांचा एक जुना जर्मन सहकारी गावाबाहेर टर्की पाळतो. त्याला हवी होती टर्कीची शिट्टी. ती फुंकायची नसते. ओठांशी धरून हवा आत ओढायची, की मादीच्या हाकेसारखा आवाज येतो.

एका शनिवारी त्यांनी मला खाली बोलावलं. शिट्टीची नळी तयार होती, पण ओठांकडचं टोक कसं ठेवायचं ते ठरत नव्हतं.

"नवी कवळी बसल्यापासून मला ओढता येत नाही," ते म्हणाले. "तू बघ."

"अहो बाबा, माझं तोंड असं..."

"म्हणूनच. तुला जमलं तर कुणालाही जमेल."

पहिलं टोक स्ट्रॉसारखं बारीक होतं. डावीकडून हवा शिरली आणि नुसतं फुस्स झालं. दुसरं चपटं, दातांत धरायचं. त्यातून थोडा आवाज निघाला. बाबांनीही ते घेऊन पाहिलं, तर कवळीच सुटली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तिसऱ्याला शर्टाच्या बटणाएवढी चकती होती. बाबांनी ती जरा मोठी केली, मधे किंचित खोलगट कोरली.

"ओठ आवळू नकोस. नुसते टेकव, बाळाची पापी घेतेस तसे."

टेकवले आणि ओढलं. क्याँव. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "परत," ते म्हणाले. परत तोच आवाज आला.

रविवारी आम्ही दोघं त्या सहकाऱ्याकडे गेलो. कुंपणाशी उभं राहून मी शिट्टी ओढली. पलीकडचा नर थबकला, पिसारा फुलवला आणि गडगडून ओरडला. तो सहकारी "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत राहिला. मग त्याने स्वतः तिन्ही टोकं लावून पाहिली आणि बारीक स्ट्रॉसारखंच निवडलं.

बाबा जरा हिरमुसले. परत येताना बसमध्ये म्हणाले, "त्याचे ओठच पातळ. चकतीवाली तू ठेव, त्याला मी दुसरी नळी करून देतो."

आता मी रोज सकाळी दहा मिनिटं ती ओढते. नवरा म्हणतो, शेजारी एक दिवस तक्रार करणार. अजून तरी कुणी केलेली नाही.