नाव घेऊन केलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत प्रत्येकाला काही ना काही सेवा असते. कोणी ढोलक वाजवतो, कोणी बायबलातलं वचन वाचतो, कोणी रविवारी दाराशी पडलेल्या चपला नीट लावतो. ठकुबाईला वाचता येत नव्हतं आणि गाण्याचा गळाही नव्हता. तिनं पास्टर दिनेशना सांगितलं, मला काम द्या. पास्टर म्हणाले, तुम्ही नुसत्या येत जा, तेच पुष्कळ. ते तिला पटलं नाही. मलाही पटलं नसतं. मी उभा जन्म सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, सुताचे बीम उचलण्यात घालवला. नुसतं येऊन बसलेल्या माणसाला तिथं कोणी कामाला आला असं म्हणत नसे.

ठकुबाई गणेशपुरीच्या पुढच्या एका पाड्यावरची. नवरा लडकू याच्याबरोबर भिवंडीत आली आणि कापडाच्या लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागली. पुढं लडकूच्या पोटात पाणी झालं. तो पडून होता तेव्हा मंडळीतल्या दोन बायका रोज येऊन तिची भांडी घासून जायच्या. आधी भांडी, मग प्रार्थना. लडकू वाचला नाही. ठकुबाई मंडळीत आली ती त्या भांड्यांमुळे, असं ती स्वतःच सांगते.

शेवटी तिनं कोणाला न विचारता आपलं काम सुरू केलं. कोणी आजारी आहे असं कळलं की पेज करून न्यायची. जाडा तांदूळ मऊ शिजवायची, गाठ राहणार नाही असा घोटायची, मीठ बेतानं घालायची. आजारी माणसाला चमचा धरवत नसेल तर भरवायची. मग डबा तिथंच धुवायची, त्यांची दोन भांडी असली तर तीही. डबा ठेवून घाईघाईनं उठणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ही शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत बसायची.

तिच्या कारखान्यात सुमेर नावाचा लूमवाला होता. उत्तर प्रदेशातला, बायकामुलं गावी. त्याचा खोकला थांबेना. एक दिवस त्यानं तोंड पुसलेल्या फडक्यावर ठकुबाईला रक्त दिसलं. ती त्याला जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. टीबी निघाला. गोळ्या फुकट मिळणार होत्या, पण सहा महिने न चुकता घ्यायच्या. मध्येच सोडल्या तर आजार उलटतो आणि मग या गोळ्यांना दाद देत नाही, हे तिथल्या बाईंनी दोघांनाही बजावून सांगितलं.

सुमेर राहायचा ती खोली एक आणि माणसं पुष्कळ. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे. टीबी आहे हे तिथं कळलं असतं तर त्याला कोणी ठेवून घेतलं नसतं. म्हणून गोळ्या ठकुबाईच्या घरी राहिल्या. ड्युटीवर जाताना तो यायचा, ती समोर उभी राहून गोळ्या घ्यायला लावायची आणि वर पेज द्यायची.

“किसी को बोलना मत, मौसी,” एवढंच त्यानं मागितलं होतं.

“न्हाय बोलणार,” ती म्हणाली होती.

तो सुधारत गेला. अंगावर मांस दिसायला लागलं तशी त्याची जीभही सुटली. पेज पुढ्यात आली की वाटीत वाकून बघायचा आणि म्हणायचा, “मौसी, इसमें चावल ढूँढना पड़ता है।”

“ढूंढ. तुला दुसरं काम काय हाय?”

तो सहा महिने पुरे करतो की नाही, यावर तिचं सगळं लक्ष होतं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या की आता याच्यापासून दुसऱ्याला धोका नाही, फक्त गोळ्या सोडू नका. निम्म्याहून अधिक वाट झाली होती.

मग त्याला ताप आला. साधाच असेल, पण ठकुबाई घाबरली. लडकूलाही अखेरीस असाच ताप आला होता.

शुक्रवारी आमच्याकडे उपास-प्रार्थना असते. पास्टर एकेकाला विचारतात, कोणासाठी प्रार्थना करायची. ठकुबाई आजवर म्हणत आली होती, एक भाऊ आजारी हाय. त्या दिवशी पास्टर म्हणाले, “ठकुबाई, नाव घ्या. नाव घेतलं की सगळ्यांना तो भार उचलता येतो.” आमच्याकडे हीच रीत आहे. मीही माझ्या बायकोच्या दुखण्याचं नाव तसंच घेतलं होतं. ठकुबाई उभी राहिली आणि सुमेरचं नाव, कारखाना, आजार, ताप, सगळं सांगून बसली. मग सगळ्यांनी हात वर करून प्रार्थना केली. सगळ्यांत मोठा आवाज चंद्राचा होता.

चंद्राची बिस्सी आहे, म्हणजे लूमवाल्यांची खाणावळ. सुमेर तिथंच जेवायचा. ठकुबाईला हे ठाऊक नव्हतं. तो कुठं जेवतो हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चंद्रानं सुमेरला सांगितलं, आपलं ताट घरून आण आणि बाहेर बसून खा. ती वाईट बाई नाही. तिच्याकडे पंगतीला माणसं बसतात, एकाच पिंपातलं पाणी पितात. पण ती हे पंगतीसमोर बोलली. कोणीतरी विचारलं, क्यों? सुमेर उठायला लागला, तेव्हा चंद्रानंच सांगितलं, टीबी. तो पाळी संपवून खोलीवर गेला तोवर बातमी तिथं पोचली होती; त्याची पेटी आणि अंथरूण जिन्यात ठेवलेलं होतं. त्यानंतर तो कारखान्यात आला नाही, ठकुबाईकडेही आला नाही. फोन लागेना.

ठकुबाई मला घेऊन चंद्राकडे गेली. चंद्रा पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

“मी खोटं सांगितलं का कुणाला?” ती म्हणाली. “मी तर त्याच्यासाठी प्रार्थना केली. आणि मला कळलं कसं? तूच सांगितलंस ना, ठकुबाय?”

“मी लोकांना कुठं सांगितलं? मी मंडळीत सांगितलं. मंडळी म्हंजे लोक हाय का?”

चंद्राचं लाटणं थांबलं. ठकुबाईला खरंच तसं वाटत होतं. सुमेरला शब्द दिला तो जगाबद्दल दिला होता. मंडळी तिला घर होती, आणि घरात बोललेलं बाहेर बोललं असं ती धरत नव्हती.

कारखान्यात एकानं सांगितलं की सुमेर भिवंडीजवळच्या दापोड्याला कुठल्याशा गोदामात माल उतरवतो. ठकुबाईनं त्याच्या गोळ्या पिशवीत घातल्या. मी बरोबर गेलो. तिकडं गोदामाला गोदाम लागून आहे. गेटवरचे वॉचमन आत सोडत नाहीत आणि हमालांची नावं त्यांना माहीत नसतात. चहाच्या टपऱ्यांवर विचारत फिरलो. ऊन चढलं, ठकुबाईच्या चपलेचा अंगठा तुटला, ती तशीच पाय ओढत चालली. मी थांबू म्हटलं तर म्हणाली, रोज गोळ्यांचा खाडा पडतोय भाऊ, थांबून कसं चालंल?

सुमेर एका ट्रकपाशी दिसला. खोकं उचलायचा, चार पावलं गेला की ते गुडघ्यावर टेकवायचा आणि श्वास घ्यायचा. बाकीचे हमाल त्याला वळसा घालून पुढं जात होते. मी ओझ्याचं काम केलं आहे. ज्याची छाती अशी हलते त्यानं खोकं उचलू नये. आणि मुकादमाला तसं दिसलं की तो माणूस तिथं फार दिवस राहत नाही.

वॉचमननं त्याला हाक मारली. तो गेटवर आला. रागावलेला नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ठकुबाईनं त्याचा हात धरला आणि चुकलं म्हणाली. तो म्हणाला, जाने दो. मग तिनं गोळ्या काढल्या, पाण्याची बाटली काढली आणि म्हणाली, “आत्ता माझ्यासमोर घे.”

त्यानं मागं वळून पाहिलं. वॉचमन आमच्याकडेच बघत होता, ट्रकवरचे दोघंही.

“मौसी, आप आती हो तो लोग पूछते हैं। कौन है, क्यों आई है, थैली में क्या है।” तो हळू बोलत होता. “अब मत आना।”

“गोळ्या?”

“यहाँ कहाँ रखूँगा?”

तिनं फार गळ घातली तेव्हा त्यानं एक पाकीट घेतलं, पॅन्टच्या खिशात कोंबलं आणि बाकीची परत केली. रात को ले लूँगा, म्हणाला. त्याला आतून बोलावणं आलं, तो गेला.

ठकुबाई पुढच्या आठवड्यात एकटीच पुन्हा गेली. गेटपर्यंत गेली नाही. लांबच्या टपरीवर बसून एका हमालाला विचारलं. त्यानं सांगितलं, खोकत होता म्हणून मुकादमानं काढला. गावी गेला, की दुसऱ्या गोदामात, की आणखी कुठं, कोणाला माहीत नव्हतं. दवाखान्यात तिनं कळवलं. त्यांनी फोन लावला, तो बंदच होता.

पास्टर दिनेश तिच्या घरी आले. माझ्यासमोर म्हणाले की चूक माझी, नाव घ्यायला मी लावलं, आणि तुमचा हेतू चांगला होता हे देव जाणतो. ठकुबाईनं ऐकून घेतलं.

“हेतू चांगला व्हता,” ती म्हणाली. “त्याच्या छातीला त्याचा काय उपेग?”

पास्टरांनी आता शुक्रवारी नावं विचारणं बंद केलं आहे. चंद्रा आणि ठकुबाई एका सतरंजीवर बसतात, पण एकमेकींकडे बघत नाहीत.

ठकुबाई पेज अजून करते. मंडळीत कोणी आजारी पडलं की पेज हवी, एवढाच निरोप तिला जातो. तांदूळ तसाच मऊ, गाठ नाही. पण ती घेऊन जात नाही. मी नेतो. माणूस पिऊन होईपर्यंत बसतो, डबा तिथंच धुतो, कारण ते काम तसंच करायचं असतं. परत आलो की ती दारातूनच डबा घेते. कोण होतं, काय झालंय, ती विचारत नाही. एकदा मी आपणहून सांगायला लागलो, तर डबा हातात तसाच धरून ती आत निघून गेली.